चाचणी यादीतली नावं

१

आमच्या डायलिसिस केंद्रात आठ खाटा आहेत आणि दिवसाला तीन पाळ्या: सकाळी सहा, दहा वीस आणि दुपारी दोन चाळीस. प्रत्येक पाळी चार तासांची, मधली वीस मिनिटं यंत्रं धुवायला. कोणाची पाळी कधी आणि कुठल्या खाटेवर हे सर्व्हरवरचा डेटाबेस ठरवतो, आणि आदल्या दिवशी प्रत्येकाला आपोआप मेल जातो. 'उद्या अमुक वाजता, अमुक खाट. येणार असाल तर हो एवढंच उत्तर पाठवा.' उत्तर आलं की यादीत त्या नावासमोर ते उमटतं.

मी कामावर रुजू झाले तेव्हा हे मेल बंद पडून अकरा दिवस झाले होते. नर्सेस फोन करून वेळ मारून नेत होत्या. एका बाईंचा फोन लागला नाही, डायलिसिस चुकलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना रुग्णवाहिकेतून आणावं लागलं. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. त्या वाचल्या, पण मोठे डॉक्टर मला म्हणाले, "दुसरं काहीही करू नका. आधी हे मेल चालू करा." आणि ते एका परिषदेसाठी आठवडाभर बाहेरगावी निघून गेले.

कॉम्प्युटरचं काम पाहणारे जुने गृहस्थ महिन्यापूर्वी निवृत्त झाले होते. सगळे त्यांना बॅटरी म्हणत, कारण भर दुपारीही त्यांच्या खिशात बॅटरी असायची. त्यांची खोली मला मिळाली. पूर्वी तिथे धुतलेल्या चादरी ठेवत, त्यामुळे ब्लीचचा वास भिंतींत मुरला होता. एका भिंतीपलीकडे पाणी शुद्ध करण्याचा पंप दिवसभर घरघरत असे. दुसऱ्या बाजूला मोठी काच होती आणि काचेतून आठही खाटा दिसत.

मी सहा वर्षं दूर शिकले. तिथेच राहता आलं असतं. पण आई गेल्यावर मला आत्याने वाढवलं, आणि आत्या या केंद्राची हेड नर्स आहे. तिने अडतीस वर्षं जिथे काम केलं ती जागा नीट चालावी, यापेक्षा मोठं काम मला सुचत नव्हतं.

पहिल्या सकाळी ती मला दारातच म्हणाली, "आलीस जग सुधारायला? ये. आधी चपला बाहेर काढ."

२

बिघाड तसा साधा दिसत होता. मेल रांगेत उभा राहायचा, सर्व्हर तो बाहेर पाठवायचा प्रयत्न करायचा, आणि काही सेकंदांनी नोंद पडायची: 'संपर्क होऊ शकला नाही. मेल फसला.' पासवर्ड, जोडणीचा क्रमांक, सुरक्षेची पद्धत, एकेक गोष्ट बदलायची आणि दर वेळी एक चाचणी मेल सोडून पाहायचा. याला दुसरा रस्ता नसतो.

चाचणी मेललाही खरी फाईल आणि खरी मोकळी पाळी लागते. त्याशिवाय डेटाबेस मेल तयारच करत नाही. पुढच्या सात दिवसांत एकच पाळी मोकळी होती: गुरुवार, दहा वीस, खाट क्रमांक चार. त्या सकाळी त्या खाटेचं यंत्र दुरुस्तीसाठी उघडणार होते.

चाचणीसाठी बॅटरीकाकांनी सात नावांची यादी ठेवली होती. वर एक सूचना होती: 'ही यादी बदलू नये.' का, ते लिहिलेलं नव्हतं. मी ती नावं आत्याला दाखवली.

"हा शिंपी," ती चष्मा वर करून म्हणाली. "गोड माणूस. ह्या शाळेतल्या बाई. हे दोघे भाऊ, एकमेकांशी बोलायचे नाहीत, पण शेजारची खाट सोडायचे नाहीत. हे सगळे गेले गं."

"गेले म्हणजे?"

"गेले म्हणजे गेले. आता काय वाजंत्री लावून सांगू?"

मी सातही फाइली उघडल्या. कुठेच मृत्यूची तारीख भरलेली नव्हती. विसरलेली नव्हती, मुद्दाम कोरी ठेवली होती, कारण तारीख भरली की त्या फाइलीला पाळी देता येत नाही. म्हणजे हा माणूस वर्षानुवर्षं मेलेल्या माणसांना पाळीला बोलावत होता, स्वतःच्या सोयीसाठी, त्यांच्या घरच्यांना न विचारता. मला संताप आला. कारण न सांगता पाळायच्या सूचना हेच आपल्याकडचं खरं दुखणं, असं मी परत येताना विमानात वहीत लिहिलं होतं. जुनी रजिस्टरं काढून मी सातही तारखा भरल्या. एकदा भरलेली तारीख फक्त मोठ्या डॉक्टरांच्या पासवर्डने पुसता येते. हे मला तेव्हा फार योग्य वाटलं.

आता चाचणीला जिवंत माणूस हवा होता, आणि तोही ज्याची संमती आहे असा. माझी फाईल नव्हती. आत्याची होती. केंद्रात कॉम्प्युटर आला तेव्हा छापील फॉर्म बरोबर निघतो का हे पाहायला तिच्याच नावाने पहिली फाईल उघडली होती.

"घाल की," आत्या म्हणाली. "नाहीतरी मला मेल पाठवतंय कोण? साडीच्या दुकानाशिवाय."

३

शुक्रवार आणि शनिवार मिळून मी एकतीस चाचण्या केल्या. एकतीसही फसल्या. सोमवारी सकाळी कारण सापडलं. मेल पोचवणाऱ्या कंपनीने जुन्या पद्धतीची जोडणी घेणं बंद केलं होतं आणि आमचा सर्व्हर जुनंच दार ठोठावत बसला होता. मी पद्धत बदलली. बत्तिसावा मेल गेला. थोड्या वेळाने काचेपलीकडून आत्याने फोन उंच करून मला दाखवला. एका नर्सने टाळी वाजवली. खाट दोनवरचे गृहस्थ झोपेतून दचकले आणि आत्याने तिला तिथल्या तिथे झापलं.

दुपारी मी आवराआवर करायला बसले. फसलेले एकतीस मेल काढून टाकायचे होते. आत्याची फाईल उघडली. एकतीस नोंदी होत्या आणि प्रत्येकीसमोर उत्तर होतं.

बत्तिसाव्यासमोर, जो खरोखर पोचला होता, काहीच नव्हतं. आत्याने तो नुसता पाहिला होता, उत्तर दिलं नव्हतं.

मी वेळा तपासल्या. मेल फसल्याची नोंद पडायच्या चार सेकंद आधी उत्तर आलेलं होतं. एकतीस वेळा, चारच सेकंद. यंत्र जेव्हा इतकं नियमित चुकतं तेव्हा ते कोणीतरी शिकवलेलं असतं. मला वाटलं, बॅटरीकाकांनीच कुठेतरी जोड मारून ठेवली असणार: मेल फसला तर आपोआप 'हो' भर. मला हसूही आलं.

मी सर्व्हरवरची सगळी आज्ञावली ओळीओळीने वाचली. पाच वाजले. असं काहीही कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मग मी जुन्या नोंदी काढल्या. शिंपी, बाई, दोघे भाऊ, सगळे सातही जण. नऊ वर्षांत जेव्हा जेव्हा चाचणी फसली होती, तेव्हा तेव्हा उत्तर आलं होतं. चाचणी पोचली असेल तर नाही.

शेवटी एक गोष्ट राहिली होती. उत्तराचे शब्द डेटाबेस वेगळे साठवतो, कारण लोक काहीही लिहितात: होय, येतो, नातू सोडेल. मी आत्याच्या उत्तरांचे शब्द उघडले.

पहिल्या सहासमोर 'हो' होतं. सातव्यापासून 'हो गं'. विसाव्याला 'हो गं बाई, किती वेळा'. आणि एकतिसाव्याला: 'हो म्हटलं ना. गुरुवारी. लक्षात आहे माझ्या.'

पंप घरघरत होता. 

४

"आत्या, तू शनिवारी मला काही उत्तरं पाठवलीस?"

आम्ही घरी निघालो होतो. ती दोन पावलं पुढे चालत होती, नेहमीसारखी.

"कसली उत्तरं? आज सकाळपर्यंत तुझा मेलच आला नव्हता ना? शिकून आलीस ती डोकं तिकडेच ठेवून आलीस की काय?"

तिचा फोन मी स्वतः पाहिला. तिने काहीही पाठवलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी पाहिलं तर तिने घड्याळ उजव्या हातात बांधलं होतं. अडतीस वर्षं ते डाव्या हातात आहे; नाडी मोजताना ती डाव्या मनगटाकडे पाहते. मी विचारलं.

"जड वाटतंय डाव्या हाताला. काही अडकवूच नये असं वाटतंय."

डायलिसिसच्या रुग्णांना आम्ही पहिली सूचना हीच देतो. ज्या हातात सुया घालायच्या, त्या हातात घड्याळ नाही, बांगडी नाही, घट्ट बाही नाही.

दुपारी ती नर्सेसच्या टेबलाशी पाळ्या लावत होती. मी काचेचं दार उघडं ठेवलं होतं.

"गुरुवारी दहानंतर तू बघ गं इथलं," ती धाकट्या नर्सला म्हणाली.

"का ताई? सुट्टी? तुम्ही?" नर्स हसली. "सूर्य कुठून उगवला?"

"अगं, काहीतरी आहे ना माझं." आत्या पेन गालाला लावून थांबली. "काय बरं? दहा वीसला कुठेतरी पोचायचंय. आठवेल."

तिला सत्तर रुग्णांची वजनं पाठ आहेत.

५

बॅटरीकाका केंद्रापासून दहा मिनिटांवर राहतात. मी दुपारीच गेले. ते व्हरांड्यात स्टुलावर बसून शिलाई मशीनला तेल घालत होते. काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या.

"मेल चालू केलास म्हणे. शाब्बास," ते म्हणाले. "जुनी जोडणी ना? मला वाटलंच होतं. माझ्याच्याने ते नवीन काही झालं नसतं बुवा."

"काका, चाचणीच्या यादीत मेलेली माणसं का ठेवली होती तुम्ही?"

त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली.

"होती म्हणजे?"

"मी तारखा भरल्या."

"बदलू नये असं लिहिलं होतं ना तिथे?"

"का ते लिहिलं नव्हतं."

"लिहिलं असतं तर तू ठेवली असतीस?" त्यांनी हात फडक्याला पुसले. "वेड्यात काढलं असतंस मला. कोणाचं नाव घातलंस?"

"आत्याचं."

आत भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला.

"किती फसले?"

"एकतीस."

"आणि वेळ काय घातलीस? पाळीची?"

मी सांगितलं. ते बोटांवर दिवस मोजू लागले, पण मंगळवारपासून गुरुवारपर्यंत मोजायला बोटं लागत नाहीत.

"हे काय आहे, काका?"

"मला माहीत नाही. खरंच नाही माहीत, पोरी. मी विचारत बसलो नाही." त्यांचा आवाज खाली आला. "सुरुवातीला मी आमच्या मेहुण्याचं नाव घालायचो. त्याची फाईल होतीच. मस्करीत म्हणायचा, मला बोलाव, मी रिकामाच असतो. तब्येत सुधारत होती त्याची."

"मेहुणे कुठे असतात आता?"

काकू बाहेर आल्या. त्यांनी माझा अर्धा भरलेला कप उचलला, काकांचा उचलला, आणि कोणाकडेही न पाहता आत गेल्या.

"मग मी विचार केला," बॅटरीकाका म्हणाले, "जे आधीच गेलेत त्यांना बोलावलं तर कोणाचं काय बिघडतंय?"

६

बुधवारी सकाळी मी आत्याची पाळी रद्द करायला बसले. मला हे सगळं पटलं होतं असं नाही. एक चुकीची नोंद दुरुस्त करायची होती, इतकंच मी स्वतःला सांगत होते.

रद्द करताना डेटाबेस विचारतो, ही पाळी कोणाला द्यायची? मोठ्या डॉक्टरांचा नियम आहे तो. बाहेर माणसं ताटकळत असताना खाट रिकामी जाता कामा नये, म्हणून बदली नाव दिल्याशिवाय पाळी रद्द होत नाही. त्या शिंप्याचं नाव टाकून पाहिलं. 'मृत. पाळी देता येत नाही.' बाई, भाऊ, सगळ्यांचं तेच. तारखा मीच भरल्या होत्या, अगदी व्यवस्थित. मोठ्या डॉक्टरांचा फोन बंद होता.

मी एक खोटी फाईल उघडली. नाव काहीतरी, पत्ता काहीतरी. बदली स्वीकारली गेली आणि दोन मेल निघाले. आत्याचा फोन वाजला. तिने काचेवर टकटक केली आणि आत डोकावली.

"माझी पाळी रद्द केलीस होय? वाचले बाई!" ती खदाखदा हसली. घड्याळ अजून उजव्याच हातात होतं. "पण उद्याचं माझं काय आहे ते तुला माहितेय का गं? मगाचपासून आठवतेय."

ती गेल्यावर मला चूक कळली. मेल आत्याला पोचला होता. पण एकतीस वेळा 'हो' म्हणणारी ही आत्या नव्हतीच. जिथे फसलेले मेल पोचतात तिथे हा पोचलेला मेल पोचणार नव्हता.

मी सर्व्हरच्या मागची नेटवर्कची केबल ओढून काढली. दोन आठवडे सगळे ज्यासाठी धडपडले ते मी दोन बोटांनी बंद केलं. रद्द झाल्याचा आणि खोट्या नावाचा, तेच दोन मेल पुन्हा सोडले. दोन्ही मेल फसले. मी वाट पाहिली. खोट्या नावासमोर काही आलं नाही. आत्याच्या नोंदी जशाच्या तशा राहिल्या. फक्त खाली एक नवी ओळ आली होती, चार सेकंद आधीची.

'कोण हे? असं कोणी नाही. मीच येते.'

७

मग मी शांतपणे विचार केला. मला ते जमतं, तेच मी शिकून आले आहे.

यातलं काहीच खरं नसेल, तर तिथे कोणाचंही नाव घातलं तरी बिघडत नाही. खरं असेल, तर तिथे आत्याचं नाव राहू देता येत नाही. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येत होतं: दुसरं नाव हवं, खरा माणूस हवा, आणि त्याची संमती हवी. कोणाची संमती मागायची तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि सगळं ऐकून कोणी हो म्हणालं नसतं. काचेपलीकडे सहा वाजताच्या पाळीतली आठ माणसं डोळे मिटून पडली होती. त्यांच्यातल्या कोणाचंही नाव एका झटक्यात भरता आलं असतं. मी ते मनात आणलं, हे मी इथे नमूद करते.

मी माझी फाईल उघडली. नाव, जन्मतारीख, वजन, पत्ता. जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात आत्याचं नाव लिहिलं. केबल अजून जमिनीवर पडलेली होती. मी खोट्या नावाच्या जागी माझं नाव घातलं, रद्द झाल्याचा मेल आत्याला पुन्हा सोडला आणि हात मांडीवर ठेवले.

दोन्ही मेल फसले.

आत्याच्या एकतीस नोंदी एकेक करत पुसट झाल्या. माझ्या नावासमोर एक उत्तर होतं. मी कीबोर्डला हात लावला नव्हता.

'हो. माझी संमती आहे.'

मी केबल पुन्हा जोडली. दुपारचे मेल वेळेवर गेले, सगळेच्या सगळे. लोकांची उत्तरं येऊ लागली. येतो. होय. नातू सोडेल.

८

गुरुवारी सकाळी चहा घेताना आत्या म्हणाली, "मी त्या पोरीला दहानंतर सांभाळ म्हणून का सांगितलं होतं गं? काही आठवत नाही. म्हातारी झाले बहुतेक." आणि तिने घड्याळ डाव्या मनगटावर बांधून पट्टा एक घर घट्ट ओढला.

मी तिला म्हटलं, सुट्टी घेऊन टाक, आपण कुठेतरी जाऊ. ती म्हणाली, आठ खाटा काय तुझा बाप सांभाळणार आहे?

दहाला पहिली पाळी उठली. यंत्रं धुतली गेली. खाट चारभोवती पडदा ओढलेला होता. मेकॅनिकने यंत्र उघडून ठेवलं होतं आणि तो सुटा भाग आणायला गेला होता. नवी माणसं आत आली, वजनकाट्यावर उभी राहिली, आपापल्या जागी गेली. आत्या खाट पाचशी होती. एक आजोबा पाणी जास्त प्यायले होते आणि ती त्यांना पोटभर बोलत होती. तिचा तो वरचा आवाज ऐकून मला फार बरं वाटलं.

मी काचेआड बसले होते. दहा अठरा झाले. मी स्वतःची नाडी मोजली: बहात्तर. मी स्क्रीनकडे पाहत नव्हते, पडद्याकडेही पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पण पडदा जमिनीपर्यंत पोचत नाही, एक वीतभर जागा राहते.

त्या जागेत पावलं होती. अनवाणी, बोटं बाहेरच्या बाजूला, टाचांना टाचा लागाव्यात इतकी दाटीने उभी. डायलिसिसच्या माणसांची सुजलेली पावलं मला आता ओळखता येतात. ती सुजलेली नव्हती. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढरी होती. मी सात जोड्या मोजल्या, मग आठवी दिसली आणि मी मोजणं सोडलं. त्यांच्या मधोमध एका माणसापुरती जागा मोकळी ठेवली होती.

"अगं," आत्याचा आवाज आला, अगदी जवळून. "तिकडे कुठे निघालीस? मेकॅनिक बाहेर गेलाय, तिथे कोणी नाही."

तेव्हा मला कळलं की मी उभी आहे, काचेचं दार माझ्या मागे आहे, आणि पडदा हाताच्या अंतरावर आहे. आत्या समोर होती. दोन्ही हातांनी ट्रे धरून, भुवया वर करून माझ्याकडे पाहत होती.

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. पण त्याच वेळी माझ्या डाव्या हाताची बाही कोणीतरी सावकाश, नीट दुमडत, कोपरापर्यंत वर नेली, जशी सवयीची नर्स नेते. आणि आत्याचे दोन्ही हात ट्रेवर होते.